सुयांचा भांग

थोरलीचा आवाज ऐन परीक्षांच्या दिवसांत बसला. सुरुवातीला तिने ते मनावर घेतलं नाही. जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईचा घसा अधूनमधून बसायचाच, असं म्हणत ती मिठाच्या पाण्याने गुळण्या करायची आणि पुन्हा फळ्यापुढे जाऊन उभी राहायची. पण या खेपेला आवाज बसला तो काही केल्या उठेना. मागच्या बाकावरची मुलं कानामागे हात धरून बसू लागली, तेव्हा मुख्याध्यापिकांनीच तिला घशाच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरीणबाईंनी नळी आत घालून पाहिलं, स्वरतंतूंवर गाठी झाल्यात म्हणून सांगितलं आणि छोटीशी शस्त्रक्रिया करून त्या काढूनही टाकल्या. ते काम सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं. जखम भरेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्याने घशाला उलट जास्तच ताण पडतो.

हे ऐकून धाकटी पोट धरून हसली. लहानपणापासून ‘जरा गप्प बस गं’ एवढं एकच वाक्य ऐकत ती मोठी झाली होती आणि आता ते म्हणणारीच गप्प बसली होती. धाकटीचं रस्त्याच्या कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं: दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, दाराशी एक बाकडं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर थोरली एकटी राहायची. दुकानातली बडबड, हसणं, केस वाळवायच्या यंत्राची घरघर हे सगळं जिन्यावरून वर जायचं आणि थोरली वरून पायाने फरशी ठोकायची. दोघींचं एकमेकींवर प्रेम नव्हतं असं नाही. पण थोरलीच्या मते धाकटी उथळ होती आणि धाकटीच्या मते ताई जन्मतःच चष्मा लावून आली होती.

शस्त्रक्रियेनंतर थोरलीने लहान मुलांची एक पांढरी पाटी आणली, पुसता येणारं पेन दोरीने तिला बांधलं आणि ती गळ्यात अडकवून फिरू लागली. दूध, पाव, औषध हे सगळं पाटीवर निभावत होतं. निभण्यासारखा नव्हता तो फक्त रविवार.

गावाच्या टोकाला एक मोठी जुनी बाग होती. तिच्या उत्तरेच्या उतारावर कुणीतरी फार पूर्वी सूचिपर्णी झाडं लावली होती: ज्यांची पानं सुईसारखी किंवा खवल्यांसारखी असतात आणि ज्यांना फुलांऐवजी शंकू येतात ती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी थोरली तिथे लोकांना झाडांची ओळख करून द्यायची. येणारे मोजकेच. त्यातले काही झाडांसाठी यायचे, काही नंतरच्या चहासाठी. पण थोरलीच्या दृष्टीने तो महिन्यातला सगळ्यात मोठा दिवस होता. शाळेतली मुलं गुणांसाठी ऐकतात. इथे लोक आपखुशीने येत.

तिने बागेच्या व्यवस्थापकांना पाटीवर कळवलं, की या महिन्याची फेरी होणार नाही. व्यवस्थापक भला माणूस होता, पण त्याला रिकामा रविवार बघवत नसे. तो म्हणाला, काही हरकत नाही बाई, तुम्ही आराम करा, निवडुंगवाले केव्हापासून रविवार मागताहेत, त्यांनाच देऊन टाकू.

निवडुंगवाले म्हणजे काचघरातल्या निवडुंगांवर भाषण देणारे एक उत्साही गृहस्थ. एकदा चारचौघांत ते थोरलीला म्हणाले होते, की तुमची सगळी झाडं लांबून सारखीच दिसतात. ते वाक्य तिच्या मनातून गेलं नव्हतं. ती बागेतून तरातरा निघाली ती थेट धाकटीच्या दुकानात शिरली. धाकटी एका बाईंच्या केसांना रंग लावत होती. थोरलीने पाटी तिच्या नाकासमोर धरली. पाटीवर लिहिलं होतं, ‘रविवारी माझ्या जागी तू बोलायचंस.’

धाकटीला आधी ही थट्टा वाटली. मग ताईचा चेहरा पाहून तिने हातातला ब्रश खाली ठेवला. आपल्याला आंब्याचं झाड आणि विजेचा खांब यांतला फरक कळतो, त्यापुढे अंधार आहे, असं तिने स्पष्ट सांगितलं. थोरलीने पाटी पुसून पुन्हा लिहिलं, ‘बोलता येतं ना? बाकी मी शिकवते.’

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. थोरलीने बागेतून खाली पडलेल्या फांद्या गोळा करून बादलीभर आणल्या आणि रात्रीच्या जेवणाआधी धाकटीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या. धाकटीचा नवरा बेकरीत पहाटपाळी करायचा. त्याला श्रोता म्हणून समोर बसवलं. थोरली फांदी उचलायची, बोटाने खूण करायची, पाटीवर मुद्दा लिहायची आणि धाकटीने तो वाचून मोठ्याने समजावून सांगायचा. ‘पर्णतलाशी पातळ आवरण असलेले सूचींचे गुच्छ’ इथपर्यंत धाकटी कशीबशी पोचली. तोवर श्रोता हनुवटी छातीला टेकवून घोरायला लागला होता.

धाकटीचं डोकं चालत नव्हतं असं नाही. शेकडो गिऱ्हाइकांच्या केसांचा पोत, त्यांचा रंगाचा क्रमांक, कुणाच्या टाळूवर जुन्या पडण्याचा व्रण आहे, हे सगळं तिला पाठ होतं. पण पाटीवरचे शब्द तिच्या डोक्यातून साबणाच्या पाण्यासारखे वाहून जात. शेवटी तिने वैतागून एक फांदी दुकानात नेली आणि आरशासमोर ठेवली. गिऱ्हाइकाच्या केसांतून कंगवा फिरवता फिरवता तिची नजर तिकडे जायची. ती पाइनची फांदी होती. लांब लांब सुया, आणि त्या एकेकट्या नाहीत, तर तीन-तीन एकत्र, बुडाशी एका पातळ तपकिरी वेष्टनात गुंडाळलेल्या. धाकटी हातातली कात्री थांबवून म्हणाली, अरे, ह्या तर रबर लावलेल्या बटा आहेत.

खुर्चीतल्या बाईंनी मान वळवून पाहिलं आणि त्यांनाही ते पटलं. त्या दिवसापासून धाकटी झपाट्याने शिकू लागली. तिने सगळी बादलीच दुकानात आणून ठेवली. येणारं-जाणारं गिऱ्हाईक फांद्या हाताळू लागलं. स्प्रूस नावाच्या झाडाची सुई चौकोनी, चिमटीत धरून फिरवली की गोल गोल फिरते. ती गळाली तरी मागे खुंट राहतो, त्यामुळे जुनी फांदी खरखरीत लागते. धाकटीच्या भाषेत, दोन दिवस न केलेली दाढी. फर नावाच्या झाडाची सुई चपटी, चिमटीत फिरत नाही. ती खुडली तर खाली नुसती गुळगुळीत गोल खूण उरते. म्हणजे घोटून केलेली दाढी. आणि फरच्या पानांना फांदीवर मधोमध कसा छान भांग पाडलेला असतो. सायप्रसची पानं तर सुयाच नाहीत, फांदीला घट्ट चिकटून बसलेले बारीक खवले, एकावर एक. ती सरळ खजुरी वेणी.

थोरली एकदा जिना उतरून आली तेव्हा तीन बायका डोक्याला टॉवेल गुंडाळून फांद्यांवर वाद घालत होत्या. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पाटीवर लिहिलं, ‘हे शास्त्र आहे. पार्लर नाही.’ धाकटीचा चेहरा उतरला. पण ताईची रविवारची फेरी आपल्यामुळे हास्यास्पद व्हायला नको, एवढं तिलाही कळत होतं. तिने बटा, दाढी, वेणी यातलं काहीही तोंडातून काढणार नाही असं कबूल केलं आणि पाटीवरची वाक्यं पुन्हा घोकायला घेतली.

रविवारी हवा गार आणि स्वच्छ होती. नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त लोक आले होते, कारण धाकटीने न सांगताच तिची बरीच गिऱ्हाइकं हजर झाली होती. नेहमीचे लोक होतेच. त्यात कायम लोकरी टोपी घालून येणारे एक निवृत्त रेल्वे अधिकारी होते, ज्यांना प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहायची सवय होती. व्यवस्थापकही दूर उभा राहून पाहत होता. थोरली गळ्यात पाटी घालून घोळक्याच्या मागे उभी राहिली, म्हणजे तिथून धाकटीला खुणा करता येतील.

पहिल्या पाइनपाशी धाकटीने घसा खाकरला आणि पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. सूची, गुच्छ, आवरण. तिचा आवाज एरवी रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचा. आज तो तिचा तिलाच परका वाटत होता. लोक आदराने ऐकत होते, म्हणजे एकेक जण हळूच आकाशाकडे पाहू लागला होता. टोपीवाल्यांनी घड्याळात डोकावलं. मग पुढचं वाक्य धाकटीला आठवेना. तिने ताईकडे पाहिलं. ताईने बोटांची चिमटी करून बुडाशी काहीतरी गुंडाळल्याची खूण केली. धाकटीने ती खूण पाहिली आणि तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “अहो, सोपं आहे. कुणीतरी बटांना रबर लावून ठेवलंय. फक्त एका रबरात किती केस आहेत ते मोजा.”

घोळक्यात हसू पसरलं आणि पाठोपाठ सगळे हात फांदीकडे गेले. लोक मोजू लागले. कुणाला दोन मिळाल्या, पलीकडच्या झाडापाशी कुणाला पाच मिळाल्या, आणि दोन सुयांची पाइन वेगळी नि पाच सुयांची वेगळी हे धाकटीने सांगायच्या आधीच त्यांच्या ध्यानात आलं. थोरलीचे कान लाल झाले होते. पण आता धाकटीला थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

पुढच्या झाडापाशी ती ठसक्यात म्हणाली, हा स्प्रूस, दोन दिवसांची दाढी, हात फिरवून बघा. टोपीवाल्यांनी खाली पडलेली सुई उचलून चिमटीत फिरवून पाहिली आणि ही फिरत नाही म्हणून तक्रार केली. धाकटीने स्वतः एक सुई घेतली. ती चपटी होती. मागच्या बाजूला दोन पांढरे पट्टेही होते. घोळक्यामागे थोरली डोळे मिटून उभी होती. धाकटीने एकदा झाडाकडे, एकदा सुईकडे पाहिलं आणि ती मनमोकळी हसली. मी चुकले, म्हणाली, हा फर आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बोटांवर ठेवा. आणि शंकूही बघा, स्प्रूसचे शंकू डुलांसारखे खाली लोंबतात आणि फरचे फांदीवर अंबाड्यासारखे सरळ उभे असतात. सगळ्यांनी माना वर केल्या. अंबाडे उभे होते. थोरलीने डोळे उघडले तेव्हा तिच्या विद्यार्थ्यांनी कधी फळ्याकडे दिलं नसेल एवढं लक्ष देऊन माणसं एका फरच्या शेंड्याकडे पाहत होती.

अशी ती देवदारापाशी गेली, सायप्रसपाशी गेली, खजुरी वेणी म्हणताच तिच्या एका गिऱ्हाइकाने आपली वेणी पुढे घेऊन फांदीशेजारी धरली. धाकटीला आता पाठांतराची आठवणही राहिली नव्हती. ती भरात आली होती, आणि नेमकी तिथेच गफलत झाली.

उताराच्या सावलीत यू नावाचं एक बुटकं, गडद झाड होतं. पानं चपटी, मऊ टोकाची, दोन ओळींत विंचरल्यासारखी. आणि शंकूंच्या जागी लहान, लालभडक, वाटीसारखी फळं. धाकटी त्या लाल रंगावर घसरली. असा लाल मला कुठल्याच डबीत मिळत नाही, असं काहीतरी ती सांगत होती. ताईने पाटीवर दोनदा अधोरेखित करून लिहिलेलं वाक्य तिच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. टोपीवाल्यांनी एक फळ तोडलं, उजेडात धरून पाहिलं आणि चव बघायला तोंडाकडे नेलं.

थोरली मागे होती. ओरडायला तिला बंदी होती आणि ती ओरडली असती तरी आवाज निघाला नसता. ती धावली. लोकांना कोपराने बाजूला सारत ती पुढे आली आणि तिने गळ्यातली पाटी काढून टोपीवाल्यांच्या मनगटावर सपकन मारली. फळ उडालं, टोपी उडाली, पेन दोरीला लटकत राहिलं. रेल्वेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला तो माणूस शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच मार खात होता. थोरलीने एकच शब्द लिहून पाटी सगळ्यांना दाखवली, ‘विषारी’.

धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, “चूक माझी आहे. वरचा लाल गर तेवढा निर्धोक असतो, पण आतली बी आणि झाडाची पानं, सगळं विष आहे. ताईने मला हे सगळ्यात आधी सांगायला बजावलं होतं. मी ते शेवटीही सांगितलं नाही.”

टोपीवाल्यांनी टोपी उचलून झटकली आणि मनगट चोळत सांगितलं, की चूक आमच्याही हाताची आहे, त्याला सवयच तशी. लोक हसले, पण धाकटी हसली नाही. तिचं अवसान गळालं होतं. एक माणूस आपल्या बडबडीपायी मरता मरता वाचला, हे तिच्या मनातून जाईना. पुढचं आणि शेवटचं झाड लार्च होतं, सोनेरी पिवळं झालेलं, खाली सुयांचा मऊ सडा. लोक त्याच्याभोवती जमले. धाकटी तोंड उघडायची आणि मिटायची. शब्द फुटेना.

थोरलीने हे पाहिलं. तिने पाटी बाकावर ठेवली आणि ती लार्चच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिली. क्षणभर ती अवघडली. मग तिने हात वर करून डोक्यावर बोटांचे झुपके केले. लार्चच्या सुया अशाच झुपक्यांनी येतात, लहान लहान गाठींमधून, तलम आणि हिरव्या. लोक गोंधळून पाहत होते. थोरलीने धाकटीकडे रोखून पाहिलं, शाळेत फळ्याकडे बोलावताना पाहायची तसंच. धाकटी चाचरत म्हणाली, की हा वसंत आहे, झुपके फुटलेत. थोरलीने मान डोलावली. मग तिने अंबाड्याच्या पिना एकेक करून काढल्या आणि खाली टाकल्या. केस मोकळे झाले. तिने डोकं असं झटकलं की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. धाकटीचा आवाज जरा मोठा झाला. ती म्हणाली, आता आला पानगळीचा महिना. बाकीची झाडं हिरवी राहतात, पण ह्याचे केस पिवळे होऊन गळतात. थोरलीने गळ्यातला रुमाल सोडून डोक्यावर घट्ट ओढून बांधला आणि दोन्ही हात काखेत खुपसून कुडकुडायला लागली. धाकटीला आता हसू आवरत नव्हतं. “हिवाळ्यात ह्याला असं टक्कल पडतं,” ती म्हणाली, “आणि लोकांना वाटतं झाड मेलं. मेलेलं नसतं हो. नुसतं थंडी संपायची वाट बघत असतं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लांब उभा असलेला व्यवस्थापकही वाजवत होता. ज्या बाईला कुणी कधी पाठीला बाक काढून बसलेलं पाहिलं नव्हतं, ती डोक्याला रुमाल बांधून, केसांत पिवळ्या सुया अडकलेल्या अवस्थेत सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती.

चहाला मात्र थोरली थांबली नाही. पिना गोळा करून, पाटी उचलून ती निघून गेली. आता खैर नाही, असं धाकटीला वाटलं. ती जमेल तितक्या लवकर मागोमाग घरी आली, तर थोरली जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. धाकटी शेजारी टेकली आणि आधी त्या विषाबद्दल माफी मागू लागली. थोरलीने हाताने तिला थांबवलं आणि पाटी ओढून घेतली. ‘इतकी वर्षं बोलते आहे,’ तिने लिहिलं. ‘आज पहिल्यांदा लोकांना घरी जावंसं वाटत नव्हतं.’ मग ते पुसून टाकलं. शेवटी लिहिलं ते एवढंच, ‘आवाज परत आला नाही तर?’

धाकटीला आजवर वाटायचं, की ताईला भीती अशी कशाची वाटतच नाही. तिने लगेच काही धीराचं बोलून टाकलं नाही. तिला खोटं सांगायचं नव्हतं. थोडा विचार करून ती म्हणाली, “तर मी बोलेन आणि तू पाटीने मारशील. आज जमलं ना आपल्याला?”

थोरली आधी हुंदका दिल्यासारखी हलली, मग तिचे खांदे गदगदू लागले. आवाज न करता हसणं किती कठीण असतं ते त्या दिवशी धाकटीने पाहिलं. ती तिला डॉक्टरांच्या नावाने दटावत राहिली, आणि तिच्या केसांतल्या सुया वेचत राहिली.

आवाज परत आला, पण पहिल्यासारखा नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून जखम भरल्याचं सांगितलं आणि रोज थोडा थोडा वेळ बोलायची मुभा दिली. थोरलीने पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा जो घोगरा, जाड आवाज निघाला तो ऐकून ती स्वतःच दचकली. धाकटीला तो आवडला. फोनवर बोललीस तर बँकवाले घाबरून फोन ठेवतील, असं तिने सांगितलं. थोरलीने शाळेत मोठे वर्ग सोडून प्रयोगशाळेचं काम मागून घेतलं. आणि व्यवस्थापकांना तिने मोजक्या शब्दांत कळवलं, की पहिला रविवार आता दोघींचा आहे. निवडुंगवाल्यांनी तिसरा घ्यावा.

तेव्हापासून फेरी अशी चालते: धाकटी बोलते, थोरली फांद्या दाखवते, आणि धाकटी घसरली की थोरली गळ्यातल्या पाटीवर टकटक करते. यूच्या झाडापाशी मात्र आधी थोरली स्वतः बोलते, आणि त्या आवाजात विषाबद्दल ऐकलं की लोक हात खिशात घालतात.

परवा दुकानात एक नवीन बाई केस रंगवायला आल्या. रंग लावून, डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवून झाली, तेव्हा त्यांनी पर्समधून कागदात गुंडाळलेली एक डहाळी काढली. नव्या घराच्या कुंपणाशी हे झाड आहे, आणि ते काय आहे ते इथे कळतं असं त्यांच्या कानावर आलं होतं. थोरली बाकड्यावर वर्तमानपत्र वाचत होती. हल्ली ती दुपारी खालीच बसते. तिने डहाळी पाहिली, खवले बोटाने चाचपले आणि सायप्रस, म्हणून निकाल दिला. धाकटीने ती नाकाशी नेली, उलटी केली, आणि तिला ते पटेना. झाडाला गोल लाकडी शंकू आहेत का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, शंकू नाहीत, वाटाण्याएवढी निळसर फळं आहेत. मग हा जुनिपर, धाकटी म्हणाली. थोरलीचं म्हणणं पडलं, की लोकांना न पिकलेला शंकूसुद्धा फळच वाटतो, झाड पाहिल्याशिवाय काही खरं नाही.

बाईंचं घर पलीकडच्याच रस्त्यावर होतं. रंग मुरायला अजून वेळ होता. धाकटीने दाराला ‘आलोच’ अशी पाटी लावली आणि तिघी निघाल्या: पुढे प्लास्टिकची टोपी घातलेल्या बाई, मागे अंगावर एप्रन तसाच ठेवलेली धाकटी, आणि तिच्याशी जुनिपर-सायप्रसवर घोगऱ्या आवाजात भांडत थोरली. रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते.

झाड दाट होतं. बाहेरून सगळीकडे खवलेच दिसत होते. थोरलीने विजयाने हात पसरले. धाकटी काही न बोलता गुडघ्यावर बसली, खालच्या फांद्या दोन्ही हातांनी बाजूला केल्या, जसे गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस वर उचलतात तसे, आणि ताईला आत हात घालायला सांगितलं. थोरलीने हात घातला आणि तो लगेच मागे घेतला. आतल्या सावलीत पानं वेगळी होती: आखूड, टोकदार, तीन-तीनच्या फेऱ्यांत लागलेल्या सुया. जुनिपरचं हेच तर आहे. कोवळेपणी सगळीकडे काटे असतात, पुढे बहुतेक ठिकाणी खवले येतात, पण एखाद्या कोपऱ्यात तो जुना स्वभाव राहून जातो.

थोरलीने बोट तोंडात धरलं. दिवसभराचं तिचं बोलणं वाटेतच खर्च झालं होतं, म्हणून तिने पाटी काढली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘जुनिपर.’ धाकटीने ती पाटी तिच्या हातातून घेऊन घरमालकीणबाईंना दाखवली, मग रस्त्यावरून जाणाऱ्या पोस्टमनला दाखवली, आणि तिसऱ्या माणसाला दाखवणार तोच बाईंनी आपल्या टोपीला हात लावून विचारलं, की रंग एवढा वेळ ठेवायचा असतो का.

तिघी पळत सुटल्या.